साखळ्या बांधलेला ट्रॅक्टर

अमेरिकेच्या ईशान्येला, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात एका हिवाळ्यात सरासरी दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो. सार्वजनिक रस्ते सरकारी यंत्रणा मोकळे करते. घरापासून रस्त्यापर्यंतची खासगी वाट मात्र ज्याची त्याने साफ करायची. खेड्यापाड्यांत ही वाट लांब, वळणाची आणि चढाची असते. फावड्याचे ते काम नाही. उन्हाळ्यात गवत कापणारा छोटा ट्रॅक्टर मग हिवाळी चाकरीला जुंपला जातो. पुढे लोडर, मागे ब्लेड. या वर्गात क्युबोटा, जॉन डिअर यांच्या जोडीला आपल्या महिंद्राचे ट्रॅक्टरही दिसतात. महिंद्राने अमेरिकेत १९९४ साली बस्तान बसवले.

मऊ, ताज्या बर्फात हे यंत्र बिनतक्रार चालते. खरी परीक्षा दबून काचेसारख्या झालेल्या थरावर होते. तापमान शून्याच्या आसपास असले की त्यावर पाण्याचा बारीक पापुद्रा धरतो आणि रबर निसटते. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळाले, तरी जमिनीवर पकड नसेल तर चारही चाके जागेवर फिरतात.

यावरचा उपाय जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी १९०४ साली टायरवर बांधायच्या साखळीचे पेटंट घेतले. त्या काळी चिखलात रुतू नये म्हणून मोटारवाले चाकांना दोर गुंडाळत. वीड यांनी दोराच्या जागी लोखंड आणले. भाताच्या चिखलणीला आपले शेतकरी ट्रॅक्टरला केजव्हील लावतात, तसाच हा हंगामी साज.

साध्या साखळीत टायरच्या दोन्ही बाजूंना लांब साखळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे पदर असतात. शेतीच्या टायरला उंच, तिरके दाते असतात. आडवा पदर दोन दात्यांच्या फटीत बसला की त्याचा उपयोग संपला. अशा टायरला आडव्या पदरांना मधून जोडणारी किंवा चौकटींची जाळीदार साखळी लागते. निव्वळ गोठलेल्या थरासाठी कड्यांवर पोलादी पट्ट्या जोडलेल्या साखळ्याही मिळतात. डांबरी वाट मात्र त्या ओरबाडून काढतात.

साखळीचे मोल चढापेक्षा उतारावर कळते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेला लोडर घेऊन उतरताना भार पुढे जातो, मागची चाके हलकी पडतात आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत राहतो. म्हणून साखळी आधी मागच्या चाकांना, त्यासोबत मागे पुरेसे वजन, आणि उतरताना फोर व्हील ड्राइव्ह चालू. काहीजण वजनासाठी टायरमध्ये सहजी न गोठणारे द्रव भरतात.

बांधणीतही शिस्त हवी. आकड्यांची टोके टायरकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला ठेवायची. मडगार्ड आणि चाक यांत पुरेशी फट आहे का, ते चाक फिरवून पाहायचे. थोडे अंतर चालवून साखळी पुन्हा आवळायची, कारण सैल पदर फटकारून मडगार्डच काय, जवळची हायड्रॉलिक नळीही फोडू शकतो. पुढच्या चाकांना साखळी लावण्याआधी ट्रॅक्टरची पुस्तिका वाचावी. तिथे जागा कमी असते.

बर्फाळ मुलुखात चढावरचे घर घेऊन ट्रॅक्टर शोधणाऱ्या मराठी मंडळींना एवढेच सांगणे: अश्वशक्तीवर जादा पैसे घालण्याआधी चांगल्या साखळ्या आणि मागच्या वजनाची सोय करा, आणि पहिला बर्फ पडायच्या आत, कोरड्या जमिनीवर, त्या एकदा चढवून पाहा.