बँकॉक शहर व वरच्या अंगाची भातखाचरे

थायलंड, म्हणजे पूर्वीचा सयाम, या देशाचे नाव निघाले की आपल्याकडील मनुष्यास सोन्याचा मुलामा दिलेली देवळे, बाजारपेठा व करमणुकीची ठिकाणे आठवतात. जाणारे बहुतेक लोक थंडीत जातात व तेवढेच पाहून परततात. ज्यास शेतीभातीची गोडी आहे त्याने मात्र बँकॉक शहर पावसाळा उतरणीस लागला असता, म्हणजे आपल्या आश्विनात, पाहावे असे आमचे मत आहे. त्या महिन्यात नदी काठोकाठ भरलेली असते, समुद्राची भरती मोठी असते, आणि शहर कोरडे राखण्यासाठी कोणाचे शेत पाण्याखाली जावयाचे हा प्रश्न नव्याने उभा राहतो. सन २०२४ च्या नवरात्रात आम्ही व आमच्या गावचे दोघे बागाईतदार स्नेही मिळून तेथे गेलो होतो. त्या प्रवासात जे पाहिले व जी माहिती मिळाली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. देवळांचे वर्णन इतरत्र पुष्कळ आढळते, सबब ते येथे करीत नाही.

मुंबईहून विमानाने सुमारे चार तासांत बँकॉक येते. तेथील पाऊस मे महिन्यात लागतो व ऑक्टोबरअखेर ओसरतो. सप्टेंबर महिना सर्वांत ओला. आम्ही असता सकाळी कडक ऊन व अंगास चिकट घाम, आणि दुपार कलली की काळे ढग जमून तासभर अशी झोड उठावी की समोरचे दुकान दिसू नये. मग लगेच उघाड. आपल्या हस्ताच्या पावसाची आठवण होते.

तिथींचा मेळही मौजेचा आहे. तेथील बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एकाच विहारात राहतात. त्यास ‘फान्सा’ म्हणतात; हा शब्द आपल्या ‘वर्षा’ शब्दाचेच रूप होय. हा नेम आश्विनी पौर्णिमेस, म्हणजे आपल्या कोजागरीस, सुटतो. आणि पुढे कार्तिकी पौर्णिमेस लोक नदीत दिवे सोडून जलदेवतेची क्षमा मागतात. तिचे नाव ‘माए खोंगखा’, म्हणजे गंगामाई. सिलोम रस्त्यावरील मारिअम्मनच्या देवळात नवरात्र थाटाने चालते, व चिनी वस्तीतील लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा नेमही त्याच सुमारास येतो. पिवळ्या पताका लावलेल्या दुकानी शाकाहारी अन्न मिळते. एरवी आपल्यासारख्या मनुष्याची तेथे जेवणाची आबाळच होते. पाक खलोंग तलात या फुलबाजारात झेंडूच्या माळांच्या राशी पाहून आमच्या एका स्नेह्यांचा पाय तेथून निघेना, कारण त्यांचा झेंडू त्याच आठवड्यात घरी तोडणीस आला होता.

आता पाण्याकडे वळू. या शहराची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच आहे. सर्व प्रदेश चाओ फ्राया नदीने आणलेल्या गाळाचा. इ. स. १७८२ मध्ये येथे राजधानी झाली तेव्हापासून कालवे हेच तेथील रस्ते होते; कालव्यास ‘खलोंग’ म्हणतात. १८३७ ते १८४० च्या दरम्यान खोदलेल्या सेन सेप कालव्यात आजही उतारूंच्या होड्या धावतात. आम्ही तीत बसलो. समोरून दुसरी होडी आली की कडेचे उतारू दोरी ओढून ताडपत्री वर करतात, नाहीतर काळ्या पाण्याचा शिंतोडा तोंडावर यावयाचाच. पुढे मोटारींसाठी पुष्कळ खलोंग बुजविण्यात आले. त्यातच विहिरी खणून भूगर्भातील पाणी बेसुमार उपसल्यामुळे जमीन खचत गेली. १९७७ मध्ये उपशावर निर्बंध घालणारा कायदा झाला व खचणे पुष्कळ मंदावले. परंतु जी जमीन खाली बसली ती वर येत नाही. परिणामी शहरावर पडलेला पाऊस आपोआप नदीस मिळत नाही. तो पंपांनी उपसून नदीकाठच्या भिंतीपलीकडे टाकावा लागतो.

तेथील लोक तीन पाण्यांची नावे घेतात: उत्तरेचे पाणी, आभाळाचे पाणी व समुद्राच्या भरतीचे पाणी. यांतील एकटे आले तर निभते, दोन आली तर धावपळ होते. तिन्ही एका दिवशी भेटली म्हणजे शहर बुडते. तिघांच्या भेटीचा काळ म्हणजेच ऑक्टोबर-नोव्हेंबर. चुलालोंगकोर्न विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे ११ एकरांचे एक उद्यान केले आहे. त्याची सर्व जमीन मुद्दाम एका अंगास उतरती ठेवून पावसाचे सुमारे ३८ लाख लिटर पाणी साठविण्याची सोय केली आहे. आमच्या स्नेह्यांनी ते पाहून ‘हे तर शेततळेच’ असा निकाल दिला, तो योग्यच होता. परंतु इतक्या मोठ्या शहरास असल्या उद्यानाचा आधार तो किती? शहर खरे तगते ते वरच्या अंगाच्या जमिनीवर.

नदीच्या पुलावर उभे राहिले असता तांबूस पाण्यावरून जलपर्णीचे मोठाले पुंजके वाहत येताना दिसतात. ही वनस्पती १९०१ मध्ये जावा बेटातून फुलासाठी हौसेने आणली गेली. तिचे तेथील नावच ‘जावाची’ असे आहे. आपल्या नद्यांतील तिचा उपद्रव वाचकांस ठाऊकच आहे.

उत्तरेकडून पिंग, वांग, योम व नान अशा चार नद्या येतात व नाखोन सावन येथे मिळून चाओ फ्राया होते. पिंगवर १९६४ मध्ये भूमिबोल धरण झाले. त्याची साठवण सुमारे ४७५ टी.एम.सी. आहे, म्हणजे आपल्या कोयनेच्या साडेचार पट. नान नदीवर सिरिकित धरण आहे. योम नदीवर मात्र मोठे धरण नाही, व तिचे पाणी मोकाट येते. मुख्य नदीवर चाईनात येथे १९५७ मध्ये आडवा बंधारा झाला. त्याची योजना एका डच इंजिनिअराने १९०३ मध्येच मांडली होती. खर्चाच्या भीतीने ती अर्धशतक पडून राहिली. सरकारी कागदांचे नशीब सर्व देशांत सारखेच, असे आम्हांस वाटल्यावाचून राहिले नाही.

या सर्व व्यवस्थेची कसोटी २०११ मध्ये लागली. लागोपाठ वादळे येऊन दोन्ही धरणे ऑक्टोबरच्या आरंभी तुडुंब भरली व खाली पाणी सोडणे भाग पडले. नाखोन सावन येथे प्रवाह सुमारे १ लाख ६५ हजार क्युसेकवर गेला. बँकॉकच्या वरच्या अंगास नदीचे पात्र जेमतेम सव्वा लाख क्युसेक वाहून नेऊ शकते. उरलेले पाणी सपाटीवर पसरले; ८१५ माणसे दगावली. जागतिक बँकेने एकूण हानी १ लाख ४३ हजार कोटी बाट धरली, व तीत मोठा वाटा कारखान्यांचा होता. धरणे आधीच थोडी रिकामी का केली नाहीत, हा वाद तेथे फार माजला. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या वाचकांनी २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. त्यांस हा वाद नवा नाही. बँकॉकच्या उत्तरेस प्रचंड वाळूच्या पोत्यांचा तट उभारून शहराचा मध्यभाग राखण्यात आला. तटाच्या आतले कोरडे, बाहेरचे आठवडेच्या आठवडे पाण्यात. बाहेरच्यांनी चिडून काही ठिकाणी पोती हलविली व कालव्याचा दरवाजा जबरीने अधिक उघडून घेतला. भात बुडालेल्या शेतकऱ्यास सरकारने रायास २,२२२ बाट दिले. ‘राय’ हे तेथील मोजणीचे माप १,६०० चौरस मीटरांचे, म्हणजे १६ गुंठ्यांस किंचित कमी. अडीच राय म्हणजे जवळजवळ एक एकर. एकरी साडेपाच हजार बाटांवर थोडेसे पडले.

वाचक म्हणतील की, एवढ्या पाण्याच्या मुलखात पूर्वीचे लोक भात तरी कसे करीत? ते पाण्याबरोबर वाढणारे भात करीत. एप्रिल-मेमध्ये कोरड्या जमिनीत बी फेकावयाचे. पूर चढू लागला की रोपही चढते. जातिवंत वाण एका दिवसात २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढलेले आढळले आहे. कांडे लांबते, पाण्याखालील पेऱ्यांस मुळ्या फुटतात, शेंडा वर राहतो. पूर ओसरला की ताटे चिखलावर आडवी होतात व डिसेंबर-जानेवारीत कापणी होते. उतारा कमी, परंतु खत नको व उपसा नको; पूर हाच त्या पिकाचा पाटकरी. १९६९ मध्ये तेथे ‘आर. डी. १’ हे बुटके वाण आले व त्यामागून इतर आली. कालव्याच्या पाण्यावर वर्षास दोन पिके निघू लागली व उत्पन्न वाढले. बुटके भात मात्र पुरात बुडून कुजते. ज्या पाण्याची वाट पाहावयाची तेच पाणी त्यामुळे वैरी झाले. बुटक्या वाणास आम्ही दोष देत नाही, त्याने पुष्कळांची कर्जे फिटली असतील. परंतु बदल झाला तो असा झाला.

१९९५ च्या पुरानंतर राजे भूमिबोल यांनी ‘केम लिंग’ नावाची कल्पना पुढे मांडली. शब्दाचा अर्थ माकडाचे गाल. माकड केळी भराभर सोलून गालफडात कोंबते व मागाहून सावकाश खाते. तद्वत् पुराचे पाणी सखल जागी कोंडून मागाहून सोडावे. २०१७ पासून योमच्या काठी बांग राकाम भागात हीच गोष्ट शेतांवर करण्यात येते. तेथील २ लाख ६५ हजार राय, म्हणजे सव्वा लाखाच्या आतबाहेर नव्हे तर सुमारे १ लाख ५ हजार एकर जमिनीस कालव्याचे पाणी लवकर देऊन १ एप्रिलपासून हळवे भात पेरावयास लावतात, जुलैअखेर कापणी उरकतात, व मग खाचरांत पुराचे पाणी घेतात. पहिल्या वर्षी सुमारे १४ टी.एम.सी. पाणी मावेल असा अंदाज होता. पुढील वर्षी क्षेत्र वाढविण्यात आले. खालच्या अंगास, आयुथ्याच्या आसपासच्या सखल पट्ट्यांत, पेरणी मे महिन्यात व कापणी सप्टेंबरच्या मध्यापूर्वी धरतात. पाण्यात मत्स्यबीज सोडतात, गाळ बसतो, उंदीर मरतात. युक्ती चांगली आहे यात शंका नाही.

ती शेतकऱ्यास कशी वाटते हे पाहण्यासाठी आम्ही आगगाडीने आयुथ्यास गेलो व तेथून बांग बान तालुक्यात गेलो. दुभाषी म्हणून पाहुरत पेठेतील एक वृद्ध शीख कापडव्यापारी प्रेमाने बरोबर आले. त्यांचा जन्मच तेथला. ज्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो ते साठीचे गृहस्थ. सर्वजण त्यांस ‘लुंग’, म्हणजे काका, म्हणत. घर लाकडी खांबांवर उभे, जिन्यास होडी बांधलेली. वहिवाट २८ रायांची, त्यांतील १० राय मालकीची व बाकी खंडाची.

आम्ही विचारले, “काका, पाणी आत सोडताना तुमची संमती घेतात काय?”

ते हसून म्हणाले, “सभा होते. कामनान म्हणजे आमचे पाटील येतात, पाटबंधाऱ्याचे साहेब येतात. आम्ही मान डोलावतो. न डोलावली तर पाणी थांबेल थोडेच?”

“भरपाई?”

“उभे पीक बुडाले तर मिळते. आता पीक आम्ही आधीच कापून घेतो. मग बुडाले काय म्हणून लिहावयाचे?”

या उत्तरावर आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. महसूल खात्यात कारकुनी करीत असता आम्ही पंचनाम्यांच्या शेकडो प्रती उतरविल्या आहेत. त्यांत उभ्या पिकाच्या नुकसानीस रकाना असतो. शेताने शहरासाठी दोन महिने पाणी सांभाळले, त्याच्या भाड्यास रकाना कोठेही पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यातून खंडकऱ्याचे हाल अधिक. जमीन पाण्याखाली असली तरी खंड चुकत नाही. आमच्या मते अशा जमिनीस दर एकरी ठरीव भाडे असावे, आणि ते मालकाच्या नव्हे, प्रत्यक्ष कसणाराच्या हाती पडावे.

काकांचे मागणे याहूनही साधे होते. ते म्हणाले, “पाणी घ्यावयास आमची ना नाही. वडिलांच्या वेळीही ते येतच असे. पण कोणत्या तारखेस आत येणार व कोणत्या तारखेस बाहेर काढणार, एवढे कागदावर लिहून द्यावे. काढावयास उशीर झाला की पुढची पेरणी लांबते, आणि पीक पोटरीस येईतो कालवा आटतो.” जवळच बांग बान ते बांग साई असा सुमारे २२ किलोमीटरांचा नवा कालवा पुराचे पाणी आयुथ्यास वळसा घालून नेण्यासाठी २०१९ च्या सुमारास हाती घेतलेला आहे. त्याविषयी विचारता ते म्हणाले की, तो पुरा होईल तेव्हा पाहू.

निघताना त्यांनी घराच्या मुख्य खांबावर कोरलेल्या पुराच्या खुणा दाखविल्या. आकडे बुद्धशकाचे: २५३८, २५४९ व सर्वांत वर २५५४. त्यांतून ५४३ वजा केले असता १९९५, २००६ व २०११ ही साले येतात. सर्वांत वरची खूण आमच्या कपाळापाशी होती. त्या दिवशी खाचरांत पाणी कमरेइतके होते. माळ्यावर पुढील पेरणीच्या बियाण्याची पोती रचून ठेवलेली होती, आणि ती खाली काढून भिजत घालण्यासाठी दरवाजा उघडल्याची खबर केव्हा येते याची घरची मंडळी वाट पाहत होती.