मोटारीचे सस्पेन्शन : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरत आला की गावोगावच्या गॅरेजांत त्याच त्या तक्रारींची रीघ लागते : गाडी खडखडते, एका बाजूस ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. या तक्रारींचे मूळ बहुधा खड्ड्यांनी जर्जर केलेल्या सस्पेन्शनमध्ये असते. परंतु त्याविषयीच्या काही समजुती लोकांच्या मनात इतक्या घट्ट बसल्या आहेत की, चुकीच्या निदानापायी नाहक खर्च होतो आणि जो दोष प्रसंगी जिवावर बेतावा तोच नेमका दुर्लक्षित राहतो.

गैरसमज : गाडीचा भार शॉकअब्सॉर्बर पेलतो.

वस्तुस्थिती : भार पेलणे हे स्प्रिंगचे काम होय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ते मागील बाजूस पोलादी पाट्यांकडे होते. आजच्या बहुतेक मोटारींत ते वेटोळ्यांच्या स्प्रिंगांकडे आहे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग साठवलेली शक्ती लगेच परत करते, आणि तिला आवर घालणारे कोणी नसेल तर गाडी झुलतच राहते. हा आवर घालण्याची जबाबदारी शॉकअब्सॉर्बरची. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणून गाडी एका कोपऱ्यात खचलेली दिसली तर पहिला संशय स्प्रिंगवर घ्यावा, आणि गतिरोधक ओलांडल्यावर ती हेलकावत राहिली तर शॉकअब्सॉर्बरवर. वेटोळ्यांत रबरी बफर अडकवण्याची जी तजवीज अनेक जण करतात, तिने गाडीची उंची थोडी वाढते व स्प्रिंग ताठ होते. निकामी शॉकअब्सॉर्बर त्यामुळे दुरुस्त होत नाही, उलट त्याच्यावरील ताण वाढतो.

गैरसमज : खडखड आली म्हणजे ‘शॉकअप गेला’.

वस्तुस्थिती : आवाजाचे धनी बहुधा दुसरेच असतात. बारीक दगडगोट्यांवरून सावकाश जाताना होणारी टकटक पुष्कळदा लिंक रॉडच्या झिजलेल्या सांध्याची असते. ब्रेक दाबताच येणारा एकच जड ठोका लोअर आर्मचा बुश फाटल्याची खूण असू शकते. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडखळून सुटल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर यांच्या एकत्रित जोडणीच्या, वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग तपासावे. चाक उचलून, गाडी स्टँडवर पक्की टेकवून, ते वरखाली धरून हलवले असता ढिलेपणा जाणवला, तर मिस्त्री दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून ठेवण्यास सांगतो : ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, कायम राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा. या शेवटच्या दोषाबाबत हयगय मुळीच करू नये, कारण तो सांधा निखळला तर धावत्या गाडीचे चाक आडवे होते.

गैरसमज : बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, गाडी झुलली नाही, तेव्हा सारे ठीक आहे.

वस्तुस्थिती : गाडी झुलत राहिली तर दोष आहे हे खरे, पण झुलली नाही म्हणून दोष नाही, असे ठरत नाही. मोटारीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावतो, तर खडबडीत रस्त्यावर चाकाची थरथर सेकंदाला दहा-पंधरा वेळा होते, आणि हाताच्या दाबाने ती दुसरी गती निर्माणच होत नाही. शॉकअब्सॉर्बर महिनोन्महिने, आवाज न करता, क्षीण होत जातो, आणि चालकाला त्याची सवय होते. यास्तव अन्य खुणा पाहाव्यात : त्याच्या अंगावर तेलाचा नुसता ओलसर थर असणे मामुली, परंतु तेल ओघळून खाली उतरले असेल तर तो बदलावा, टायरवरून तळवा फिरवताना ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारीत असण्याचा संभव दाट आहे.

गैरसमज : व्हील अलाइनमेंट केले की टायर झिजणे थांबते.

वस्तुस्थिती : अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नियमास आणणे. ज्या सांध्यांवर ते कोन अवलंबून असतात तेच ढिले असतील, तर यंत्रावर जुळवलेले माप रस्त्यावर टिकत नाही. आधी झिजलेले भाग बदलावेत, मग अलाइनमेंट करावे. हा क्रम उलटल्यास एकाच कामाचे पैसे दोनदा भरावे लागतात.

गैरसमज : हा केवळ आरामाचा प्रश्न आहे, हाडे मजबूत असली म्हणजे झाले.

वस्तुस्थिती : ब्रेक, स्टिअरिंग आणि अद्ययावत सुरक्षायंत्रणा या सर्वांचा अधिकार टायर रस्त्याला टेकलेला असेपर्यंतच चालतो. क्षीण शॉकअब्सॉर्बरमुळे चाक क्षणभर जरी उचलले गेले, तरी खडबडीत रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते आणि घाटातील ओल्या वळणावर ती हाताबाहेर जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच शॉकअब्सॉर्बर बदलायचे ते एका अक्षावरील दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. आणि दाबून धरलेल्या स्प्रिंगमध्ये प्राणघातक शक्ती कोंडलेली असल्यामुळे स्ट्रट उघडण्याचे काम योग्य हत्यारे असलेल्या कुशल मिस्त्रीकडेच सोपवावे. त्याच्याकडे गाडी नेताना ‘शॉकअप बदला’ असा हुकूम देण्याऐवजी आवाज केव्हा, कोठल्या रस्त्यावर व कोणत्या बाजूने येतो ते नीट सांगावे, त्याला शेजारी बसवून त्याच रस्त्याने एक फेरी मारावी, आणि कोणता भाग कशावरून निकामी ठरवला याची खातरजमा करूनच खर्चास संमती द्यावी.