सांगाडा मशीन देतं, दात आपणच बघायचे

आजचा भाग बसमध्ये, शेतात, कुठेही ऐकत असाल तरी चालेल, लॅपटॉप लागणार नाही. फक्त एक आकडा डोक्यात ठेवा: १८. माझं गाव काष्टी, श्रीगोंदा तालुका. पीएचपीमध्ये स्ट्रलेन नावाचं फंक्शन शब्दाची लांबी सांगतं. त्याला ‘काष्टी’ दिलं की उत्तर येतं १८. दुसरं एक फंक्शन आहे, एमबी-स्ट्रलेन. ते म्हणतं ६. आणि गावातल्या पहिलीच्या पोराला विचारलं तर ते म्हणेल दोन. का, ष्टी. झालं.

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. स्ट्रलेन बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. आपल्या शब्दात चिन्हं सहा: क, काना, ष, हलंत, ट आणि दीर्घ वेलांटी. सहा त्रिक अठरा. पोरगं मात्र अक्षरं मोजतं, आणि माणूस वाचतो ती अक्षरंच.

याच १८, ६ आणि २ च्या भानगडीतून मी एकदा पीएचपीचं स्वतःचं एक्स्टेन्शन लिहायला बसलो. त्यात एक चूक केली. आजचा भाग त्या चुकीवर आहे.

गरज का पडली

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी छोटं काम करत होतो. रोज दूध घातलं की शेतकऱ्याला एसएमएस जायचा: नाव, लिटर, फॅट, रक्कम. आता एसएमएसचा नियम असा की इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, पण मराठीत लिहिलं की एका मेसेजमध्ये फक्त ७० चिन्हं. त्यापुढे गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. म्हणून नावाला जागा ठेवली ८ चिन्हांची. लांब नाव असेल तर कापायचं.

पण कापायचं कुठे? पीएचपीला इंटल नावाचं तयार एक्स्टेन्शन आहे, ते अक्षरांच्या हिशोबाने कापतं. अडचण अशी की जुन्या युनिकोड नियमात जोडाक्षर एकसंध धरलेलं नव्हतं. ‘काष्टी’चे तुकडे व्हायचे तीन: का, ष्, टी. देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. आमच्या सर्व्हरवरची लायब्ररी त्याआधीची. आणि खरं सांगू का, मला शिकायचंही होतं. म्हटलं, आपणच लिहू.

सांगाडा म्हणजे काय

पीएचपी स्वतः सी भाषेत लिहिलेली आहे. तिला नवं फंक्शन शिकवायचं तर सीमध्ये कोड लिहून आत जोडावा लागतो. तेच एक्स्टेन्शन. आता गंमत अशी की खरं काम दहा-वीस ओळींचं असलं तरी भोवती कागदपत्रं भरपूर लागतात. मॉड्यूलचं नाव काय, आवृत्ती काय, कोणती फंक्शन्स आहेत, ती काय घेतात, बिल्ड कसं करायचं. हे दर वेळी जवळपास सारखंच असतं. म्हणून पीएचपीच्या सोर्समध्ये ‘एक्स्ट’ फोल्डरात एक स्क्रिप्ट ठेवलेली आहे: एक्स्ट-स्केल. स्केल म्हणजे स्केलेटन, सांगाडा. आधी ती शेल स्क्रिप्ट होती. २०१८ च्या ७.३ आवृत्तीपासून ती पीएचपीतच लिहिलेली आहे, त्यामुळे विंडोजवरही चालते.

तिला फक्त नाव द्यायचं. मी दिलं ‘अक्षर’. क्षणात फोल्डर तयार. आत काय काय असतं ते ऐका.

दोन कॉन्फिग फाइल्स: एम-फोर वाली लिनक्ससाठी, डब्ल्यू-३२ वाली विंडोजसाठी. एक हेडर फाइल. एक स्टब फाइल, तिच्यात फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं हे साध्या पीएचपीत लिहिलेलं. त्या स्टबवरून तयार केलेली आर्गइन्फो फाइल. मग मुख्य सी फाइल, आणि तिच्यात नमुन्याची दोन फंक्शन्स, टेस्ट-वन आणि टेस्ट-टू. पहिलं ‘एक्स्टेन्शन लोड झालं, चालतंय’ एवढंच छापतं. दुसरं नाव घेऊन हॅलो म्हणतं. शेवटी टेस्ट्स नावाचं फोल्डर, त्यात तीन चाचण्या.

मग टर्मिनलवर चार पायऱ्या: पीएचपीआइझ, कॉन्फिगर, मेक, मेक टेस्ट. एकही ओळ न लिहिता हे सगळं चालतं. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं.

माझी चूक

मी सी फाइलमध्ये तिसरं फंक्शन लिहिलं: अक्षर-काप. आठ चिन्हं मोजायची आणि पुढचं चिन्ह काना, मात्रा, वेलांटी असं काही असेल तर मागे सरकायचं. हलंताचा भाग, म्हणजे जोडाक्षराचा, उद्या लिहू म्हणून ठेवला. मेक टेस्ट चालवलं. ३ पैकी ३ पास, शंभर टक्के. दुसऱ्या दिवशी दुसरंच काम आलं. नंतर परत बघितलं तर शंभर टक्के दिसतच होतं. टाकलं सर्व्हरवर.

नेवासे आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे इकडे ज्ञानेश्वर नावाला तोटा नाही. ‘ज्ञानेश्वर’ची चिन्हं होतात १०. आठव्यावर कापलं की उरतं ‘ज्ञानेश्’. पाय मोडलेला श लटकत राहिला. खरं तर तिथून दोन पावलं मागे येऊन ‘ज्ञाने’वर थांबायला हवं होतं. केंद्रावरून फोन आला: “अहो, लोक विचारतायत, आमचं नाव असं मोडकं का येतंय? दुसऱ्याचंच दूध आमच्या नावावर लागलंय का?” नाव मोडलं की माणसाचा हिशोबावरचाही विश्वास उडतो, हे मला तेव्हा कळलं. रक्कम बरोबर होती, पण ते कोण मानणार?

मग मी ती तीन टेस्ट उघडून वाचली. पहिली तपासते, एक्स्टेन्शन लोड झालं का. दुसरी तपासते टेस्ट-वन. तिसरी, टेस्ट-टू. माझ्या अक्षर-कापला कुणीही हात लावलेला नव्हता. सांगाडा स्वतःचीच परीक्षा घेत होता आणि स्वतःच पास होत होता. दोष त्याचा नाही, मी ती वाचली नव्हती.

पावती आणि दात

आमच्या काष्टीला जनावरांचा मोठा बाजार भरतो. व्यवहार झाला की पावती फाडतात. छापील पावतीपुस्तक असतं म्हणून काम पटकन होतं, रकाने दर वेळी हाताने आखत बसावे लागत नाहीत. पण पावती नीट भरली म्हणून बैल चांगला ठरत नाही. घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, आदत आहे की दुसा, चालवून बघतो, मग पैसे मोजतो. सांगाडा म्हणजे ते पावतीपुस्तक. दात बघणं म्हणजे आपण लिहिलेली टेस्ट.

तेव्हापासून माझा एक नियम. सांगाडा तयार झाला की पहिलं काम म्हणजे नमुन्याची फंक्शन्स आणि त्यांच्या टेस्ट काढून टाकणं. दुसरं काम म्हणजे माझी टेस्ट आधी लिहिणं, आणि ती एकदा फेल झालेली डोळ्यांनी बघणं. जी टेस्ट कधी फेलच झाली नाही, ती काही तपासते का हे मला कसं कळणार? ‘ज्ञानेश्वर’, ‘काष्टी’, ‘श्रीगोंदा’, रिकामं नाव, इंग्रजीत लिहिलेलं नाव, हे सगळं आता त्या फोल्डरात आहे.

पवईचं उदाहरण

हे फक्त पीएचपीचं नाही. इंजिनिअरिंगला सायलॅब वापरलं असेल तर आठवा. त्याच्या ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात टूलबॉक्स-स्केलेटन नावाचा तयार सांगाडा असतो: मॅक्रोज, सोर्स, गेटवे, हेल्प, टेस्ट्स, डेमो. इथे स्क्रिप्ट नाही, फोल्डर कॉपी करून नावं बदलायची. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबसाठी ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स केला आहे. त्यात आय-पॉप्ट, सिम्फनी अशा सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेल्या लायब्ररी सायलॅबमधून वापरता येतात.

तिथे महत्त्वाचा भाग म्हणजे गेटवे. सायलॅबमधून आलेली मॅट्रिक्स घ्यायची, तिचा आकार आणि प्रकार तपासायचा, लायब्ररीला समजेल अशा रूपात द्यायची, उत्तर परत आणायचं. सांगाडा गेटवेची जागा दाखवतो. येणारा माल तपासायचा कसा, ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आणि ही तपासणी टाळून चालत नाही. साध्या पीएचपीत चूक झाली तर एरर येते. एक्स्टेन्शनच्या सी कोडमध्ये मेमरीच्या हद्दीबाहेर वाचलं तर अख्खी प्रोसेस कोसळू शकते. पीएचपीचा सांगाडा तुम्हाला स्ट्रिंगचा पत्ता आणि लांबी देतो. ती लांबी बाइटमध्ये असते, म्हणजे आपल्या काष्टीची १८. तिला अक्षरांची लांबी समजलात की घोटाळा सुरू.

जाता जाता

सांगाडा नेहमी आपल्या आवृत्तीसोबत आलेला वापरा. जुन्या ट्युटोरियलमधून उचललेल्या पीएचपी ५ च्या कोडमध्ये टीएसआरएम-एलएस नावाचे मॅक्रो दिसतील. पीएचपी ८ मध्ये ते काढून टाकलेत, तो कोड बिल्डच होणार नाही. पर्लमध्ये हेच काम एच-टू-एक्सएस करतं, तेही सीची हेडर फाइल वाचून. पायथनला रस्टमधून जोडायचं असेल तर मॅच्युरिन आहे. आणि हल्ली एआयला सांगितलं तर तोही सांगाडा देतो, वर टेस्टही देतो. तेव्हा तर ती टेस्ट नेमकं काय तपासते, हे ओळ न् ओळ वाचा.

तुमच्यासाठी गृहपाठ: स्वतःचं नाव घ्या. बाइट किती, चिन्हं किती, अक्षरं किती, कागदावर मोजा. जोडाक्षर असेल तर आणखी मजा येईल. मग ते आठव्या चिन्हावर कापून बघा, काय उरतं.

बाकी, त्या केंद्राचे मेसेज आता नीट जातात. ज्ञानेश्वर ‘ज्ञाने’ म्हणून येतो. लोक म्हणतात नाव अर्धं आहे, पण मोडकं नाही. तेवढ्यावर सध्या समाधान आहे. भेटू पुढच्या भागात.