नवी जाति जन्मास येते काय?

खपली गहूं आणि नेहमींच्या पोळ्यांचा गहूं हे दोन्ही आपल्या घरांत परिचयाचे आहेत. खपलीची खीर करावयाची तर ती आधीं कांडून टरफल काढावें लागतें. दुसऱ्याचा दाणा मळणींतच मोकळा होतो. गृहिणी यांस एका धान्याचे दोन वाण समजते. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्यांस दोन निराळ्या जाती मानतो, आणि दुसरी पहिलीच्या कुळांतून उत्पन्न झाली असें सांगतो. हें संभवनीय आहे काय, याचा विचार करूं.

जाति म्हणजे ज्यांची संतति आपसांत वाढते, परंतु इतरांशीं संकर झाल्यास सहसा वाढत नाहीं, असा समूह. आक्षेपक म्हणतात, उत्परिवर्तन, म्हणजे बीजांतील अकस्मात् फरक, यानें फुलाचा रंग बदलेल. गुलाब तो गुलाबच राहील. संकर तर वांझ. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२. खेचरास ६३ येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहींत, आणि वंश तेथेंच खुंटतो. हा आक्षेप पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

हॉलंडमधील ह्यूगो डी व्ह्रीस यांस १८८६ मध्यें हिल्व्हर्समजवळील एका पडीक शेतांत सायंकाळीं फुलणाऱ्या एका पिंवळ्या फुलझाडाचे निराळे प्रकार आढळले. त्यावरून नवी जाति एका उडींत जन्मते, असें त्यांनीं १९०१ ते १९०३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. पुढें पेशी तपासल्यावर दिसून आलें कीं, बहुतेक प्रकार त्या झाडाच्या गुणसूत्रांच्या विचित्र मांडणीमुळें उद्भवले होते. तथापि एका भव्य प्रकारांत १४ ऐवजीं २८ गुणसूत्रें निघालीं. खरें मर्म या दुपटींत होतें.

रशियांतील जॉर्जी कार्पेचेन्को यांनीं मुळा व कोबी यांचा संकर केला. दोहोंचीं गुणसूत्रें १८-१८. संकरास दोहोंकडून नऊ-नऊ मिळालीं. परंतु त्यांच्या जोड्या जुळेनात, म्हणून झाडें जवळजवळ वांझ निघालीं. तरीहि थोडें बीं धरलें, आणि त्यांतील कित्येक रोपांत ३६ गुणसूत्रें आढळलीं. आतां प्रत्येक गुणसूत्रास स्वतःचा जोडीदार लाभल्यामुळें तीं झाडें फळलीं. मुळा व कोबी यांशीं मात्र त्यांचा संकर सहज होईना. हा वृत्तांत १९२८ पर्यंत प्रसिद्ध झाला. पुढें आनुवंशशास्त्र सोव्हिएत सत्तेच्या रोषास पात्र झालें. कार्पेचेन्को यांस १९४१ मध्यें अटक होऊन त्याच वर्षीं प्राणदंड झाला.

ही केवळ प्रयोगशाळेंतील करामत होय, असें कोणी म्हणेल. त्यास स्वीडनच्या आर्ने मुंट्झिंग यांनीं १९३० मध्यें उत्तर दिलें. दोन रानटी रोपांच्या संकरांतून त्यांनीं ३२ गुणसूत्रांचें झाड मिळविलें. तें युरोपांत आधींपासूनच रानोमाळ उगवणाऱ्या एका तिसऱ्या जातीशीं जुळलें, आणि तिच्याशीं संकर होऊन त्याची संततीहि फळली. निसर्गाची कृति त्यांनीं पुन्हां करून दाखविली होती.

गव्हाचेंहि असेंच. खपलीचीं गुणसूत्रें २८. सुमारें आठ-दहा हजार वर्षांपूर्वीं कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे तिच्या कुळांतील गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशीं संकर झाला, संख्या दुणावली, आणि ४२ गुणसूत्रांचा गहूं जन्मला. १९४४ च्या सुमारास अमेरिकेंत व जपानांत असा गहूं त्याच मार्गानें पुन्हां घडविण्यांत आला. रानगवताची रोगप्रतिकारशक्ति गव्हांत आणण्यासाठीं संशोधक आजहि हीच युक्ति योजतात.

तेव्हां आमचें मत असें: नुसता संकर बहुधा वांझ, आणि लहानसहान उत्परिवर्तनांनीं जाति पालटावयाची तर निवड, अंतर व दीर्घ काळ यांचें साह्य लागतें. परंतु संकरास गुणसूत्रांच्या दुपटीची जोड मिळाली कीं, वनस्पतींत दोन-चार पिढ्यांतहि नवी जाति होऊं शकते. प्राण्यांत असें क्वचितच घडतें. मात्र जन्मणें निराळें आणि टिकणें निराळें. कार्पेचेन्को यांच्या झाडास पानें मुळ्यासारखीं व मूळ कोबीसारखें आलें, म्हणून तें कोणाच्याहि मळ्यांत गेलें नाहीं. गव्हास मात्र शेतकरी भेटला.