तारेच्या वेष्टनाचें आयुष्य

मोटर जळाली असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा तांबें जळालेलें नसतें. तांब्याच्या तारेवर इनॅमलचें जें पातळ वेष्टन असतें, तें उष्णतेनें ठिसूळ होऊन तडकतें. शेजारचे वेढे एकमेकांस भिडतात आणि यंत्र बंद पडतें. म्हणून यंत्राचें आयुष्य हें बहुतांशीं या वेष्टनाचेंच आयुष्य होय. तें आधीं कसें सांगावें?

उष्णता वाढली कीं रासायनिक क्रिया किती जलद होतात, याचा नियम स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आर्‍हेनिअस यांनीं १८८९ सालीं मांडला. चुलीजवळच्या फळीवरील कागद पेटींतील कागदाच्या आधीं पिवळा पडतो, त्यांतलेंच हें. अमेरिकेंतील माँटसिंगर यांनीं १९३० सालीं ट्रान्सफॉर्मरविषयीं असें दाखविलें कीं, दर आठ अंश सेल्सिअस वाढीस वेष्टनाचें आयुष्य सुमारें निम्में होतें. १९४८ सालीं डेकिन यांनीं या अनुभवास आर्‍हेनिअसच्या नियमाचा आधार दिला.

परीक्षेची रीत अशी: वेष्टित तारेच्या दोन तुकड्यांस एकत्र पीळ देऊन असे अनेक नमुने निदान तीन निरनिराळ्या उष्णमानांच्या भट्ट्यांत ठेवितात. ठराविक काळानें ते बाहेर काढून प्रत्येकास क्षणभर ठरलेला विद्युद्दाब देतात. ज्याचें वेष्टन भेदलें जातें, त्याचें आयुष्य संपलें असें समजून तास टिपितात. आयुष्याचा लॉगॅरिथम व निरपेक्ष उष्णमानाचा व्यस्त यांचा आलेख काढिला असतां बिंदु बहुधा एका सरळ रेषेवर येतात. ती रेषा वाढविल्यावर ज्या उष्णमानास २०,००० तास मिळतात, त्यावरून तारेचा वर्ग ठरतो: १०५, १३०, १५५, १८० इत्यादि.

मात्र हा आंकडा म्हणजे कांहीं भिंत नव्हे. १५५ वर्गाची तार १५६ अंशांस तत्काळ जळत नाहीं, कीं १५४ अंशांस अमर होत नाहीं. दहा अंशांस निम्में, असा ढोबळ हिशेब धरिल्यास ती १६५ अंशांस १०,००० तास आणि १४५ अंशांस ४०,००० तास टिकेल. २०,००० तास म्हणजे अवघीं सव्वादोन वर्षें. तरी घरचा पंखा वर्षानुवर्षें चालतो, कारण त्याची तार आपल्या वर्गाइतकी तापतच नाहीं.

शिवाय रेषा वाढविणें हें अनुमान आहे. कडक भट्टींत ज्या क्रियेनें वेष्टन नासलें, तीच मंद उष्णतेंतही चालते, असें त्यांत गृहीत असतें. तसें नसल्यास भाकीत चुकतें. प्रत्यक्ष यंत्रास ओल, धूळ व कंप हींही सोसावीं लागतात.

म्हणून मोटरीचीं हवेचीं छिद्रें धुळीनें बुजूं देऊं नयेत, व तिजवर शक्तीबाहेर भार घालूं नये. अधिक तापलेल्या दहा अंशांची किंमत त्या दिवशीं कळत नाहीं. ती आयुष्यांतून मुकाट्यानें वजा होत असते.