सहा मिलिमीटरचा घोळ

भाड्याच्या खोलीत पिलर आणि भिंत यांच्यामधल्या जागेत लॅपटॉपपुरतं टेबल बसवायचंय. सुतारकाका फोनवर म्हणतात, "माप तेवढं पाठवा." तुम्ही टेप लावता, 'साठ' टाइप करून मोकळे होता. जागा असते 59.4 सेंटीमीटर. टेबल येतं साठचं, आणि पिलर काही सरकत नाही! प्लाय एकदा कापला की पैसेही गेले.

म्हणून आधी रेषा नीट बघा. आकड्याशेजारची लांब रेष सेंटीमीटरची, मधली जरा उंच रेष पाच मिलिमीटरची, बाकीच्या बारीक एकेक मिलिमीटरच्या. 59 च्या पुढे चौथी बारीक रेष म्हणजे 59.4 सेंटीमीटर, म्हणजेच 594 मिलिमीटर. सुताराला मिलिमीटरच सांगा, पॉइंट गाळला जायची भानगड नको.

टेपच्या टोकाचा हुक लटपटतो ना? बिघडलाय समजून ठोकून घट्ट करू नका. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो आणि स्वतःच्या जाडीइतकाच हलतो. फळीला अडकवून ओढला की बाहेर येतो, भिंतीला टेकवला की आत जातो; दोन्हीकडे माप बरोबर. (ज्याला हे सुचलं त्याला सलाम!)

दोन भिंतींमध्ये मोजताना खरी पंचाईत. टेप कोपऱ्यात वाकते आणि आपण अंदाजपंचे आकडा ठोकतो. त्यापेक्षा टेपची डबी भिंतीला पाठ लावून टेकवा, तोंडाशी दिसेल त्या आकड्यात डबीची लांबी मिळवा. ती बऱ्याच डब्यांवर छापलेली असते. आणि भिंती सरळ असतात हा भ्रम सोडा. मागे, मध्ये, पुढे असं तिनदा मोजा आणि सगळ्यांत लहान माप धरा. ते 594 आलं तर टेबल 590 चं सांगा, आत सरकायला जागा हवी की नाही?

यावर काका विचारणारच, "फुटात किती?" आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण सुताराच्या तोंडी अजून इंच आणि सूत. इंच 25.4 मिलिमीटरचा, त्यात आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर. तुमचं 590 झालं जवळपास 23 इंच 2 सूत. काका म्हणाले, "दोन फूटच धरू," तर ठाम नाही म्हणा. दोन फूट म्हणजे 609.6, आणि तुमची जागा 594 चीच. फोनवर बोलणं झालं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर '590 मिमी' असं लिहून पाठवा.