दोन एकर रामायण

धुळ्याजवळच्या नरडाण्याला कपाशी एकरात मोजतात आणि क्विंटलात विकतात. त्याच मापांनी मी एक कार्टून-चित्रपट मोजून पाहिला आणि थक्क झालो.

'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम'. युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांचं हे भारत-जपानचं काम १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवलं गेलं. पुढे टीव्हीमुळे ते घराघरांत पोचलं. चित्रकार ४५०, हाताने रंगवलेले सेल सुमारे १ लाख. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. एका तुकड्यावर पात्राची एकाच क्षणाची मुद्रा.

साडेदहा बाय साडेबारा इंच हे स्टुडिओतलं नेहमीचं माप आणि मिलिमीटरचा आठवा हिस्सा जाडी धरली, तर ते सगळे पसरायला दोन एकरांहून थोडं जास्त रान लागेल. वजन भरेल १४ क्विंटलच्या आसपास. एकावर एक रचले तर चार मजली इमारतीएवढा ढीग. आणि नरडाण्याहून आग्रा रोडने धुळ्याकडे एकापुढे एक मांडत निघालं, तर ओळ जवळजवळ ३२ किलोमीटर जाईल. सोनगीर मागे पडेल आणि धुळ्याची वेस जवळ येईल.

एवढे लागतात कशाला? पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. १३५ मिनिटांच्या १,९४,४०० चौकटी झाल्या. एक चित्र दोन चौकटी टिकवलं, तरी ९७,२०० चित्रं उरतातच.

खरा चमत्कार मात्र मला पुढे दिसतो. ४५० माणसांचे हात, आणि राम एकच! नाक कुणाचं लांबत नाही, मुकुट कुणाचा वाकडा होत नाही. हे सांभाळतं मॉडेल शीट. त्यावर पात्र समोरून, तिरकं, बाजूने आणि पाठीमागून काढलेलं असतं. उंची किती डोकी, हसताना ओठ कुठवर जातात, रागात भुवई कशी उतरते, धोतराची चुणी कुठून सुटते, हे सगळं ठरलेलं. ज्याने आयुष्यात धोतर नेसलेलं नाही, त्या टोकियोच्या चित्रकारालाही ते काढता यावं, इतकं स्पष्ट.

राम मोहन १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. युनिसेफच्या 'मीना' या कार्टून-मालिकेसाठी त्यांनी हाच प्रश्न आणखी अवघड करून सोडवला. ढाका, लाहोर, काठमांडू आणि आपलं खेडं, चारही ठिकाणी मुलगी आपलीच वाटली पाहिजे. म्हणून तिचा पोशाखही असा निवडला, की तो एकाच देशाचा वाटू नये. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये ते गेले.

आता टीव्ही मालिकेचा हिशेब. २२ मिनिटांचा एक भाग, तसे १३ भाग. वरच्याच हिशेबाने २,०५,९२० चित्रं, म्हणजे सव्वाचार एकरांहून जास्त. मुख्य पात्राची मॉडेल शीट मात्र काखेत मावतील एवढीच.

डिस्नेकडे सुरुवातीच्या काळात चित्रीकरण झालं की सेल धुऊन पुन्हा वापरत. रंग नळाखाली वाहून जाई आणि कोऱ्या प्लॅस्टिकवर दुसऱ्या दिवशी दुसरंच पात्र उभं राही. पहिलं पात्र उरे ते मॉडेल शीटवरच. म्हणूनच कुठे जुन्या पेटीत, कडा पिवळ्या पडलेलं, टाचणीची भोकं असलेलं एखादं मॉडेल शीट सापडलं, तर ते रद्दीत देऊ नका.